परार्धाच्या पुढचं स्टेशन

(सीवूड्स येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



हार्बर लाइनवर सीएसएमटीपासून मोजत आलं तर मस्जिद दुसरं, कुर्ला अकरावं, वाशी सोळावं, नेरूळ एकोणिसावं आणि आपलं सीवूड्स-दारावे विसावं. या वीस नावांच्या वीस चिठ्ठ्या केल्या आणि त्या एका ओळीत मांडायच्या म्हटल्या, तर किती निरनिराळ्या ओळी होतील? पहिल्या जागी वीसपैकी कोणतीही चिठ्ठी चालेल, दुसऱ्या जागी उरलेल्या एकोणिसांपैकी एक, तिसऱ्या जागी अठरांपैकी एक. असं करत शेवटच्या जागेसाठी एकच चिठ्ठी उरते. वीसपासून एकपर्यंतच्या या सगळ्या संख्यांचा गुणाकार म्हणजे वीसचं क्रमगुणित. शाळाकॉलेजात त्याला सरसकट फॅक्टोरियल म्हणतात आणि संख्येपुढे उद्गारचिन्ह देऊन ते लिहितात. हे चिन्ह ख्रिस्तियान क्राम्प या गणितज्ञाने १८०८ मध्ये वापरात आणलं. आपल्या वीस स्टेशनांचं उत्तर येतं २४,३२,९०,२०,०८,१७,६६,४०,०००. सेकंदाला शंभर कोटी ओळी छापणारं यंत्र आणलं तरी त्याला या सगळ्या ओळी छापायला ७७ वर्षं लागतील. आणि तीच गाडी पुढे बेलापूर, खारघर, मानसरोवर, खांदेश्वर करत पनवेलला नेली, म्हणजे फक्त पाच चिठ्ठ्या वाढवल्या, तर त्याच यंत्राला सुमारे ४९ कोटी वर्षं लागतील.

प्रचंड संख्यांवरची बहुतेक भाषणं इथे येऊन थांबतात. श्रोते ‘अबब’ म्हणतात, वक्ता खूश होतो, आणि चहाची वेळ होते. मला वाटतं, विषय सुरू व्हायला हवा तो इथून. ‘अबब’ ही दाद संख्येच्या लांबीला असते, आणि लांबी ही संख्येविषयी सांगता येण्याजोगी सर्वांत सामान्य गोष्ट आहे. आज मला मांडायचं आहे ते असं, की एखादी अवाढव्य संख्या आपल्याला कळली की नाही, हे ती किती लांब आहे यावर ठरत नाही. ती कशी घडली हे आपल्याला माहीत आहे का, यावर ते ठरतं. घडण माहीत असेल तर हजार अंकी संख्येलाही आपण प्रश्न विचारू शकतो आणि उत्तरं मिळवू शकतो. घडण माहीत नसेल तर तिच्यापेक्षा पुष्कळ लहान संख्याही आपल्याला दाद देत नाही. या म्हणण्यावर आक्षेप आहेत. काही वरवरचे आहेत, एकदोन चांगलेच टोकदार आहेत. त्यांना सामोरं जात जातच पुढे जाऊ.

पुराव्याची सुरुवात महाराष्ट्रातूनच करता येते. चाळीसगावजवळच्या पाटण इथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने इ. स. १२०७ मध्ये मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांच्या नजरेला आणला. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० च्या सुमाराची. तिच्या सुरुवातीलाच एकं, दहंपासून निघणाऱ्या स्थानांची नावं दिली आहेत: सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. एकूण अठरा नावं. ही पूर्वसूरींनी व्यवहारासाठी ठरवली, असं ते सांगतात. आणि याच ग्रंथाच्या अखेरीस ‘अंकपाश’ नावाचं प्रकरण आहे, ज्यात क्रमगुणिताचा नियम आहे: जितकी स्थानं तितक्या संख्या एकपासून मांडून गुणा, म्हणजे मांडणीचे सगळे भेद मिळतात. उदाहरण शंकराचं आहे. त्याच्या दहा हातांतली पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, शूळ वगैरे दहा आयुधं अदलून बदलून दिली तर मूर्तीचे किती प्रकार होतील? उत्तर ३६,२८,८००. विष्णूचे हात चार, आयुधं चार, म्हणून प्रकार फक्त २४. (दहाचं क्रमगुणित इतके सेकंद म्हणजे बरोबर सहा आठवडे होतात, ना एक सेकंद कमी ना एक जास्त. दर सेकंदाला मूर्तीचं एक रूप पालटत गेलं तर दीड महिन्यात सारी रूपं संपतील.)

आता ग्रंथाची पहिली पानं आणि शेवटची पानं शेजारी ठेवून पाहा. एकोणीसचं क्रमगुणित आहे १,२१,६४,५१,००,४०,८८,३२,०००. हे अठरा अंक झाले. म्हणजे डावीकडचा एक बरोबर परार्धाच्या घरात बसला. वीसच्या क्रमगुणिताला एकोणीस अंक लागतात, आणि एकोणिसाव्या घराला यादीत नाव नाही. नेरूळपर्यंत नावं पुरली, सीवूड्सला संपली. भास्कराचार्यांनी शेवटच्या प्रकरणात दिलेला नियम पहिल्या प्रकरणातल्या नावांना विसाव्या पायरीवर मागे टाकतो, आणि त्यात नियमाचं काही अडत नाही. नावं लांबवता येतात हे खरं. ‘ललितविस्तर’ या बौद्ध ग्रंथात दहाच्या त्रेपन्नाव्या घाताला तल्लक्षण म्हटलं आहे आणि त्यापुढेही गणना नेली आहे. विसाव्या शतकात एडवर्ड कास्नर या अमेरिकन गणितज्ञाच्या लहान भाच्याने दहाच्या शंभराव्या घाताला ‘गूगॉल’ हे नाव सुचवलं. पण ४४ चं क्रमगुणित तल्लक्षणाला ओलांडतं आणि ७० चं गूगॉलला. साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर ६९ पर्यंतचं क्रमगुणित दाखवतो आणि ७० टाकलं की ‘एरर’ म्हणून हात वर करतो, त्याचंही कारण हेच: दहाचा शंभरावा घात मांडायला त्याच्या पडद्यावर घर नाही. नावं काय, पडद्यावरची घरं काय, या साठवणुकीच्या सोयी आहेत. साठवण संपली म्हणून समज संपत नाही.

अंकपाशातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं उदाहरण मात्र शंकराचं नाही, त्याच्या आधीचं आहे. दोनपासून नऊपर्यंतचे आठ अंक घेऊन, प्रत्येक अंक एकदाच वापरून, आठ अंकी संख्या किती होतील, हा प्रश्नाचा एक भाग. उत्तर आठचं क्रमगुणित, ४०,३२०. दुसरा भाग असा, की या साऱ्या ४०,३२० संख्यांची बेरीज किती? लिहीत बसलं तर मोठी वही भरेल आणि चूक हमखास होईल. भास्कराचार्य एकही संख्या लिहीत नाहीत. एककाच्या घरात प्रत्येक अंक सारख्याच वेळा येणार, म्हणजे ४०,३२० ला आठने भागून ५,०४० वेळा. आठ अंकांची बेरीज ४४. म्हणून त्या घराची बेरीज ५,०४० गुणिले ४४, म्हणजे २,२१,७६०. दशकाच्या घरातही तेवढीच, शतकाच्याही तेवढीच. तेव्हा या संख्येला आठ एक्क्यांच्या ओळीने, १,११,११,१११ ने, गुणलं की झालं: २४,६३,९९,९९,७५,३६०. इथे मोजणी टळली ती हुशारीच्या एखाद्या झटक्याने टळलेली नाही. सगळी घरं सारखी आहेत, सगळ्या अंकांना सारखी वागणूक आहे, हे घडणीतलं साम्य दिसलं म्हणून टळली. या प्रकरणाच्या अखेरीस भास्कराचार्य काहीशा मिस्कीलपणे म्हणतात, की इथे गुणक विचारलेला नाही, भाजक नाही, वर्ग-घन काही नाही, तरी गर्विष्ठ गणकाची मान इथे खाली जाते. बारावं शतक असो की एकविसावं, मान खाली जाते ती यादी करायला बसणाऱ्याची.

तेव्हा नियमाने काय काय कळतं ते शंभरच्या क्रमगुणितावर पाहू. ही संख्या १५८ अंकी आहे. हे कळायला ती लिहावी लागत नाही. एक ते शंभर या संख्यांचे लॉगरिदम मिळवले तर १५७.९७ येतात, म्हणजे अंक १५८. ज्यांनी कॉलेजात लॉगटेबल वापरलं आहे त्यांना हे एका दुपारचं काम. तेवढाही वेळ नसेल तर जेम्स स्टर्लिंग यांनी १७३० मध्ये प्रसिद्ध केलेलं सूत्र आहे. ते शंभर गुणाकारांच्या जागी दोनचार क्रियांत क्रमगुणिताची अदमासे किंमत देतं, आणि शंभरसाठी त्यातली चूक हजारात एक भागापेक्षाही कमी असते. या संख्येच्या शेवटी शून्यं किती? शून्य येतं दोन आणि पाच यांच्या जोडीतून. दोन मुबलक आहेत, म्हणून फक्त पाच मोजायचे. शंभरपर्यंत पाचच्या पाढ्यातल्या संख्या वीस. त्यांत २५, ५०, ७५ आणि १०० या चौघींत पाच दोनदा आहे, म्हणून आणखी चार. शून्यं चोवीस. मधले अंक कोणते हे ठाऊक नसताना शेवटचे चोवीस अंक छातीठोक सांगता येतात.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो व्यवहारी माणसाचा आहे. दृश्य विश्वातले अणू दहाच्या ऐंशीव्या घाताच्या आसपास असावेत असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. साठचं क्रमगुणितच त्याच्या पुढे जातं. मग शंभरचं क्रमगुणित म्हणजे नेमकं कशाची संख्या? जे मोजायला जगात वस्तूच नाहीत, ते आहे तरी कोणत्या अर्थाने? काही तत्त्वचिंतकांनी हा प्रश्न अतिशय गंभीरपणे घेतला आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माझं उत्तर असं, की मोजायच्या वस्तू असणं हा संख्येच्या अस्तित्वाचा निकष धरला तर आपल्याला एक चमत्कारिक गोष्ट मान्य करावी लागेल: जी वस्तू नाहीच, तिच्याविषयी केलेलं विधान खरं की खोटं हे मात्र कोणालाही तपासता येतं. चोवीसऐवजी पंचवीस शून्यं म्हणणारा चूक ठरतो, आणि त्याची चूक दाखवायला अणू लागत नाहीत. याचं टोकाचं उदाहरण म्हणजे ग्रॅहम संख्या. मार्टिन गार्डनर यांनी १९७७ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात ती लोकांसमोर आणली. या संख्येचे अंक तर सोडाच, तिच्या अंकांची संख्याही लिहायला विश्व पुरणार नाही. पण ती तिनाच्या घातांवर घात चढवून झालेली आहे. तिनाच्या घातांचा शेवटचा अंक ३, ९, ७, १ असा फिरत राहतो आणि अशा मनोऱ्यात तो सातवरच येऊन थांबतो. म्हणून तिचा शेवटचा अंक ७ आहे, हे नक्की. तिचा पहिला अंक कोणता, ते कोणालाच माहीत नाही. एकाच संख्येचं एक टोक हातात आहे आणि दुसरं नाही. ज्या टोकापर्यंत घडण पोचते ते कळतं. लांबीने दोन्ही टोकांना सारखंच अडवायला हवं होतं.

दुसरा आक्षेप संगणकवाल्यांचा. ते म्हणतील, तुम्ही घडणीचं कौतुक करा, पण प्रत्यक्षात क्रमगुणितासारखी वाढ दिसली की काम अशक्य होतं. आकारच शेवटी निकाल लावतो. ७७ वर्षांचा हिशेब तुम्हीच दिलात ना? दिला; पण तो यादी करण्याचा हिशेब होता. त्याच वीस चिठ्ठ्या अकारविल्हे लावायला सांगा. वीसच्या क्रमगुणिताइतक्या ओळींपैकी बरोबर ओळ एकच आहे, आणि चौथीतला मुलगा ती पाच मिनिटांत लावून देतो. दोन नावांत आधी कोणतं, एवढाच प्रश्न विचारत गेलं तर नीट आखणी केल्यावर ६२ प्रश्नांत काम पुरं होतं. कारण प्रत्येक प्रश्न उरलेल्या शक्यता जवळपास निम्म्या करतो, आणि दोनचा बासष्टावा घात वीसच्या क्रमगुणितापेक्षा मोठा आहे. पुढचं उदाहरण घ्या: वीस माणसांना वीस कामं वाटायची, प्रत्येकाचा प्रत्येक कामाचा खर्च वेगळा, एकूण खर्च कमीत कमी हवा. वाटण्याचे मार्ग पुन्हा तेवढेच. पण हा प्रश्न रेषीय नियोजनाचा आहे आणि तो चुटकीसरशी सुटतो. या क्षेत्रातली एक मोठी उडी मराठी माणसाच्या नावावर आहे. आयआयटी मुंबईत शिकलेल्या नरेंद्र करमरकरांनी १९८४ मध्ये, बेल लॅब्जमध्ये असताना, रेषीय नियोजनाची नवी पद्धत दिली. तोवरची रुळलेली पद्धत शक्यतांच्या बहुपैलू आकृतीच्या एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर जात असे, आणि कोपरे अफाट असू शकतात. करमरकरांची पद्धत आकृतीच्या पोटातून वाट काढते. कोपरे होते तेवढेच राहिले. त्यांना मोजत जाण्याची गरज संपली. आता याच वीस चिठ्ठ्यांवर तिसरा प्रश्न विचारा: वीस ठिकाणं प्रत्येकी एकदाच गाठून परत यायचं, सर्वांत जवळचा रस्ता कोणता? वीसपुरतं संगणक हेही उरकतो, पण ठिकाणं वाढत गेली की प्रत्येक वेळी अचूक उत्तर देणारी आणि कामाचा बोजा आटोक्यात ठेवणारी पद्धत आजवर सापडलेली नाही. ती असूच शकत नाही, हेही सिद्ध झालेलं नाही. तीन प्रश्न, तिन्हींत शक्यता क्रमगुणिताच्या मापाच्या. दोन सुटतात, एक अडतो. निकाल आकाराने लावला असता तर तिघांचं एकच झालं असतं.

उलट बाजूचा पुरावा तर आपण रोज खिशात घेऊन फिरतो. बँकेच्या किंवा रेल्वेच्या वेबसाइटशी सुरक्षित संपर्क साधताना जी कुलपं वापरली जातात, त्यांतला एक प्रचलित प्रकार रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी १९७७ मध्ये सुचवला. त्यात दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर करतात आणि त्या दोन संख्या गुप्त ठेवतात. सध्या वापरात असलेला असा गुणाकार बहुधा ६१७ अंकी असतो. तो सगळा, अंकन्अंक, कोणालाही वाचता येतो. पण त्याचे अवयव काढता येत नाहीत. या धर्तीच्या २५० अंकी संख्येचे अवयव पाडायलाच २०२० साल उजाडलं, आणि त्यासाठी अनेक संगणक महिनोन्‌महिने राबले. आता ४३२ चं क्रमगुणित घ्या. ते ९५३ अंकी आहे, म्हणजे कुलपातल्या संख्येच्या दीडपट लांब. त्याचा प्रत्येक मूळ अवयव कोणीही सांगेल. सर्वांत मोठा ४३१. पूर्ण लिहिलेली संख्या अनोळखी आणि न लिहिलेली ओळखीची, असं हे आहे. एकीची घडण मुद्दाम लपवलेली आहे, दुसरीची तिच्या नावातच आहे.

४३२ हा आकडा मी सहज घेतलेला नाही. त्याच्यामागे माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत टोकदार आक्षेप दडला आहे, आणि तो देवळालीहून येतो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. शिक्षण फर्ग्युसन कॉलेजात. १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक. ६१७४ या त्यांच्या स्थिरांकामुळे त्यांचं नाव जगभर गेलं, आणि गार्डनर यांच्याच सदराने १९७५ मध्ये ते आणखी दूर नेलं. त्यांनी ‘हर्षद’ नावाचा एक संख्यावर्ग सांगितला: जिच्या अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो ती संख्या हर्षद. दहाचं क्रमगुणित पाहा. ३, ६, २, ८, ८ यांची बेरीज २७, आणि ३६,२८,८०० ला २७ ने भागलं तर १,३४,४०० येतात. म्हणून ते हर्षद. शंभरच्या क्रमगुणितातल्या अंकांची बेरीज ६४८, तेही हर्षद. मग सगळीच क्रमगुणितं हर्षद असतात का?

घडणीकडून थोडं उत्तर मिळतं. सहापासून पुढच्या प्रत्येक क्रमगुणिताला नऊने भाग जातो, म्हणून त्याच्या अंकांची बेरीजही नऊच्या पाढ्यातली असते. समजा ती नऊ गुणिले ‘म’ आहे. हा ‘म’, ज्या संख्येचं क्रमगुणित घेतलं तिच्याइतका किंवा तिच्याहून लहान असेल, तर तो क्रमगुणिताच्या अवयवांत आयताच हजर आहे. तो बाजूला काढला तरी उरलेल्या अवयवांतून नऊ मिळतातच, कारण तिथे ९ स्वतः असतात, किंवा तेच बाजूला काढले असतील तर ३ आणि ६ असतात. (पहिली काही लहान क्रमगुणितं हाताने तपासता येतात.) म्हणजे अंकांची बेरीज त्या संख्येच्या नऊपटीच्या आत आहे तोवर हर्षदपणा चुकत नाही. शंभरसाठी ही मर्यादा ९००, आणि बेरीज ६४८. भरपूर अंतर आहे. पण क्रमगुणिताचे अंक त्या संख्येपेक्षा भराभर वाढतात, त्यामुळे बेरीज कधीतरी मर्यादा गाठणार. ४३२ ला मर्यादा आहे ३,८८८. अंकांची बेरीज येते ३,८९७. फक्त नऊने जास्त. म्हणजे ‘म’ झाला ४३३, आणि ४३३ ही मूळ संख्या. ती ४३२ च्या क्रमगुणितात कुठून येणार? ४३१ पर्यंतची सगळी क्रमगुणितं हर्षद आहेत. ४३२ चं पहिलं, जे नाही. गंमत अशी, की अठराव्या शतकापासून विल्सनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रमेयानुसार मूळ संख्येच्या अलीकडच्या संख्येच्या क्रमगुणितात एक मिळवला की त्या मूळ संख्येने पूर्ण भाग जातो. म्हणजे याच ९५३ अंकी संख्येत एक मिळवा, तिला ४३३ ने नि:शेष भाग जाईल.

आता आक्षेप. मर्यादा घडणीने दिली, विल्सनचं प्रमेय घडणीने दिलं, पण ३,८९७ हा आकडा कोणी दिला? तो मिळवायला ९५३ अंक काढून त्यांची बेरीज करावीच लागते. क्रमगुणिताचा नियम पूर्ण ठाऊक असूनही त्याच्या मधल्या अंकांविषयी तो जवळजवळ काही बोलत नाही. मग घडण कळली म्हणजे संख्या कळली, हे कसं? मला हा आक्षेप टाळायचा नाही. तो मान्य करून माझं विधान थोडं आवळून घ्यायचं आहे. क्रमगुणित गुणाकाराने घडलेलं आहे, म्हणून भाग जातो का, अवयव कोणते, शून्यं किती, या गुणाकाराच्या प्रश्नांना ते तत्काळ उत्तर देतं. दशमान पद्धतीतले अंक आणि त्यांची बेरीज हा आपण बाहेरून लावलेला हिशेब आहे. दहाऐवजी बाराच्या पटीत लिहिलं तर हर्षदांची यादीच बदलेल. या कारणासाठी पुष्कळ गणिती कापरेकरांच्या शोधांकडे खेळ म्हणून पाहतात. मला ते अर्धंच बरोबर वाटतं. घडण कुठवर बोलते आणि कुठे गप्प होते, ही सीमा नेमकी पाहायची तर अशाच बाहेरच्या प्रश्नांनी तिला टोचावं लागतं, आणि ४३२ वर ती सीमा ज्या स्पष्टपणे दिसते तशी पाठ्यपुस्तकातल्या प्रश्नांत क्वचितच दिसते.

आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे, नाहीतर प्रत्येक मोठ्या संख्येला काहीतरी नियम असतोच असा समज होईल. १५८ अंकी संख्या एकूण किती? नवावर एकशेसत्तावन्न शून्यं इतक्या. आता अक्षरं, काने, मात्रा, अंक, गणिती चिन्हं असे शंभर संकेत घ्या आणि पन्नास संकेतांत बसणारी सगळी वर्णनं विचारात घ्या. अर्थपूर्ण, निरर्थक, सगळी. ती होतात शंभरच्या पन्नासाव्या घाताएवढी, म्हणजे एकावर शंभर शून्यं. एका वर्णनाने एकच संख्या दाखवता येते. तेव्हा १५८ अंकी संख्यांपैकी पन्नास संकेतांत सांगता येण्याजोग्या संख्यांचं प्रमाण एकावर सत्तावन्न शून्यं इतक्यांत एक एवढंही भरत नाही. बाकीच्या साऱ्यांचं ओळखपत्र म्हणजे त्यांचे अंक ओळीने लिहिणं, किंवा तितकंच लांबलचक दुसरं काहीतरी. ‘शंभरचं क्रमगुणित’ या दोन शब्दांत मावणारी संख्या ही त्या गर्दीतली फार दुर्मिळ व्यक्ती आहे. आपण ‘मोठ्या संख्या’ म्हणून ज्यांच्याबद्दल बोलतो, त्या सगळ्या या मूठभरांतल्या.

आणि या मूठभरांतही घडणीला जरासा धक्का बसला की वाट हरवते. ४ चं क्रमगुणित २४. एक मिळवला की २५, पाचाचा वर्ग. ५ चं १२०. एक मिळवला की १२१, अकराचा वर्ग. ७ चं ५,०४०. एक मिळवला की ५,०४१, एकाहत्तराचा वर्ग. असं आणखी कुठे होतं का, हा प्रश्न ऑंरी ब्रोकार या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्ये विचारला. १९१३ मध्ये तोच प्रश्न रामानुजन यांनी ‘इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’च्या नियतकालिकात स्वतंत्रपणे घातला. क्रमगुणिताचे सगळे अवयव आपल्याला पाठ आहेत, वर्गसंख्येची घडण तर त्याहून सोपी. पण अवयवांनी घडलेल्या संख्येत एक मिळवताच तिच्या अवयवांविषयीची आपली सारी माहिती निकामी होते. शंभर कोटींपर्यंतच्या प्रत्येक संख्येचं क्रमगुणित या कसोटीवर तपासून झालं आहे, अर्थात एकही क्रमगुणित न लिहिता, निरनिराळ्या मूळ संख्यांनी भागून उरणाऱ्या बाक्या पाहून. ४, ५ आणि ७ यांच्या जोडीला चौथी संख्या त्यात सापडली नाही. ती कुठेच नसणार, असं पॉल एर्डिश यांचं मत होतं. सिद्ध मात्र कोणालाही करता आलेलं नाही.